साडेबत्तीस सेंटीमीटरचा दोरा

तिकिटाच्या कागदावर कामाच्या ओळी दोनच होत्या. मुंबई, २३ जानेवारी २०२३, दुपारी २:३०. सॅन फ्रान्सिस्को, २३ जानेवारी २०२३, संध्याकाळी ५:००. शेजारच्या काकूंनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अडीच तासांत पोचणार तुम्ही? मग एवढं लांब लांब काय म्हणतात सगळे?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. कागदावर तसंच तर लिहिलं होतं.

मी सांगलीत ३१ वर्षं भूगोल शिकवला. रेखावृत्तं, स्थानिक वेळ, आंतरराष्ट्रीय वाररेषा म्हणजे जिथे तारीख बदलते ती रेषा, सगळे धडे तोंडपाठ. पण त्यातली एकही रेषा मी कधी ओलांडली नव्हती. मुलीचं पहिलं बाळंतपण आलं आणि वयाच्या ६१ व्या वर्षी मी पासपोर्ट काढला. एकटीच जाणार होते. सासूबाई ८८ वर्षांच्या, त्यांना टाकून ह्यांना निघता येत नव्हतं.

काकूंना घेऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि वही उघडली. मुंबई साधारण ७३ अंश पूर्वेला, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला. दोन्ही मिळून १९५. सूर्य एक अंश सरकायला ४ मिनिटं घेतो, म्हणजे ७८० मिनिटं, बरोबर १३ तास. पण घड्याळं साडेतेरा तासांचा फरक दाखवतात. तो अर्धा तास येतो कुठून? आपली प्रमाणवेळ मुंबईच्या नव्हे, तर साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरची, मिर्झापूरजवळची. मुंबईचा स्वतःचा सूर्य त्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे चालतो. सॅन फ्रान्सिस्कोचा सूर्यही तिथल्या घड्याळाच्या दहाएक मिनिटं मागे असतो. ३९ मधून १० गेले, की अर्ध्या तासाचा हिशोब लागतो. कागदावरच्या अडीच तासांत साडेतेरा मिळवले, की १६ तास. खरा प्रवास एवढा. काकूंनी "सोळा!" म्हणून कपाळाला हात लावला आणि मला डिंकाचे लाडू जास्त बांधून न्यायला सांगितलं.

मग अंतर. हे मला कुठल्या संकेतस्थळावरून नको होतं, हाताने मोजायचं होतं. माझ्याकडे शाळेतून निवृत्त होताना मिळालेला पृथ्वीगोल आहे, मध्यावर घेर ९६ सेंटीमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरला तर गोलावरचा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४१७ किलोमीटर. गोधडी शिवायचा काळा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर नेऊन ओढलं. दोरा ढिला असेतो कुठेही लोळतो. ताणला, की आपोआप सरकतो आणि सगळ्यात जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. तो सरकताना बघणं हाच खरा धडा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाटेत अटलांटिक महासागर येतो. दोरा मात्र उत्तरेला चालला. पंजाब-हिमाचलवरून लडाख, तिथून चीनमधलं शिनजियांग, अख्खा सायबेरिया, मग आर्क्टिक महासागर, अलास्काचा उत्तर किनारा, कॅनडाची पश्चिम कड आणि खाली कॅलिफोर्निया. उत्तर ध्रुव दोऱ्यापासून साडेतीन सेंटीमीटरवर राहिला, म्हणजे जेमतेम दीड हजार किलोमीटर. दोरा पट्टीवर धरला तर साडेबत्तीस सेंटीमीटर भरला. साडेतेरा हजार किलोमीटर.

ताणलेला दोरा ज्या मोठ्या वर्तुळावर बसतो त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात, सहावीपासून शिकवतात, आणि मुलं व्याख्या पाठ करून सोडून देतात. मी प्रत्येक वर्गात गोल आणि दोरा द्यायला हवा होता, असं त्या दुपारी फार वाटलं.

पण दोऱ्याच्या वाटेने विमान जाईलच असं नाही, हे मला एका जुन्या बातमीमुळे माहीत होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाने अटलांटिकची वाट सोडून पॅसिफिकची धरली. जुनी वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती, नवी १५,३००. तरी ते विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. चौदाशे किलोमीटर जास्त आणि वेळ कमी. ते कात्रण मी वर्गात वाचून दाखवलं होतं आणि विचारलं होतं, कसं काय? मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला, "बाई, पाठीवर वारा असेल." कृष्णेच्या पुलावर सायकल हाणणाऱ्या पोराला ते वेगळं शिकवावं लागत नाही.

२२ तारखेला रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली. हे स्टेशनवर आले होते, गाडी हलेपर्यंत खिडकीची गजं धरून उभे होते. सकाळी दादरला उतरले, नणंदेकडे आंघोळ करून दोन घास खाल्ले आणि अकराच्या आत विमानतळावर. आतल्या रांगा, तपासण्या, बूट काढणं-घालणं यांचं वर्णन करत नाही, ते सगळीकडे आहे. एकच सांगते. सामान देताना तिथल्या मुलीने विचारलं, "खिडकी की आइल?" सगळ्यांनी मला आइल, म्हणजे मधल्या वाटेकडची जागा, घ्यायला बजावलं होतं, पाय मोकळे करायला बरं पडतं म्हणून. मी खिडकी मागितली आणि तीही उजव्या बाजूची. विमान पूर्वेला जाणार असेल आणि महिना जानेवारीचा असेल, तर सूर्य दक्षिणेकडून जाणार. तो मला बघायचा होता.

विमान सुटलं ते थोडं आत, थोडं पूर्वेला, असं करत मध्य भारतावरून बंगालकडे निघालं. समोरच्या पडद्यावर छोटं विमान, त्याच्या मागे हिरवी रेघ. मी वही मांडीवर घेतली आणि दर तासाला नोंद करत गेले. मुंबईचं घड्याळ हातात तसंच ठेवलं होतं, बदललं नाही. ५ वाजायच्या सुमाराला, खाली ब्रह्मदेश असताना, सूर्य पंखाच्या मागे बुडाला. सांगलीत त्या वेळी लख्ख ऊन असणार होतं. आपण सूर्याकडे पाठ करून, पृथ्वी फिरते त्याच दिशेला धावत होतो, म्हणून दिवस असा झटक्यात मावळला.

इथे एका विद्यार्थ्याची आठवण निघाली. फार हुशार मुलगा होता. विचारायचा, "बाई, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग हेलिकॉप्टर हवेत नुसतं उभं केलं, तर बारा तासांनी खाली अमेरिका येईल?" प्रश्न वेडगळ वाटतो, पण नाही. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किलोमीटरने फिरत असते, आणि आपल्याला तो वेग जाणवत नाही, कारण हवाही तिच्याबरोबर फिरते. हेलिकॉप्टर त्याच हवेत उभं असतं. त्यामुळे जाता-येता वेळेचा फरक पडतो तो पृथ्वीच्या फिरण्याने थेट पडत नाही. तो त्या फिरत्या हवेत वर जे वारे सुटतात, त्यांनी पडतो.

आणि ते वारे मला त्या रात्री आकड्यांत दिसले. चीन ओलांडून विमान जपानकडे आलं, तसा पडद्यावरचा वेग चढायला लागला. ९४० होता, तो १,०२० झाला, मग १,०९०. जपानवर १,१८० किलोमीटर. विमानाच्या इंजिनांनी काही वेगळं केलं नव्हतं. विमान आपल्या हवेत नेहमीच्याच, ताशी ९०० च्या आसपासच्या गतीने चाललं होतं. बाकीचे पावणेतीनशे वाऱ्याचे. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या या वाऱ्याच्या पट्ट्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर ती जगात सगळ्यात जोरकस असते, ताशी तीनशेच्याही पुढे जाते.

आजूबाजूला सगळे झोपलेले, आणि मला वासाबुरो ओइशी या माणसाची आठवण येत होती. जपानमध्ये तातेनो इथे वेधशाळा चालवणारे हवामानशास्त्रज्ञ. १९२० च्या दशकात ते आकाशात फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचे. हिवाळ्यात फुगे वर गेले, की पूर्वेला भन्नाट वेगाने पळतात, हे त्यांनी मोजून लिहून ठेवलं. जगाने वाचावं म्हणून १९२६ साली एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापलं. ती भाषा फारसं कुणी वाचत नव्हतं, त्यामुळे ते तसंच पडून राहिलं. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली अमेरिकी बॉम्बर विमानं जपानवर उंचावरून आली आणि या वाऱ्यात सापडली, तेव्हा लोकांना त्याचं महत्त्व कळलं. माझ्या मते शाळेच्या पुस्तकात या माणसाचं नाव असायला हवं. ज्या वाऱ्यावर बसून आम्ही तीनशे बायका-माणसं-पोरं मुलाबाळांकडे चाललो होतो, तो त्याने फुग्याने शोधला होता.

मुंबईच्या घड्याळात १२ वाजून गेले. भारतात २४ तारीख लागली. खिडकीचा पडदा बोटभर वर केला तर खाली निळसर काळोख आणि समोर उजवीकडे क्षितिजावर केशरी चीर. पडद्यावरचं छोटं विमान पॅसिफिकच्या मध्यावर आलं होतं, १८० अंशांच्या जवळ. वाररेषेची खूण खाली कुठेही नसते. पाणीच पाणी. फळ्यावर मी ती रेघ शेकडो वेळा खडूने काढली, सायबेरिया आणि अलास्का यांच्यामधून वाकवत, फिजीजवळ परत वाकवत. आता ती माझ्या पायाखालून गेली आणि उजाडलं, ते २४ चं नव्हे, २३ चंच. १३ तासांची ती रात्र मला सातच तासांची मिळाली आणि २३ जानेवारी परत सुरू झाली. मी वहीत वेळ लिहिली, १२:२०, आणि त्यापुढे काही लिहिता आलं नाही, डोळे भरून आले होते.

संध्याकाळी ५ च्या सुमाराला, म्हणजे भारतात सकाळी साडेसहाला, चाकं टेकली. एकूण १६ तासांना दहा मिनिटं कमी. विमानातून बाहेर पडायच्या बोळात एक काच होती. तिच्यातून खाडीपलीकडच्या टेकड्यांवर ऊन उतरताना दिसलं आणि पुढच्या रांगेत लागेपर्यंत सूर्य मावळला. एकाच तारखेला दुसऱ्यांदा. मुलगी दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. सांगलीच्या घराच्या दारातून तिच्या दारापर्यंत साडेचौतीस तास लागले, त्यातले विमानातले निम्म्याहून कमी. तिकिटावर फक्त तेवढेच लिहिलेले असतात.

पायांचं सांगायचं राहिलं. सोळा तास बसून घोटे सुजले, दोन दिवस चपला घट्ट होत होत्या. डॉक्टरांनी लांब मोजे घालायला आणि दर तासाला चालायला सांगितलं होतं. खिडकीच्या मोहापायी मी पहिले सहा तास उठलेच नाही. हे करू नका. ज्यांना साखर किंवा रक्तदाब आहे त्यांनी तर अजिबात नाही.

फेब्रुवारीत नात झाली. १२ मार्चला तिथल्या लोकांनी घड्याळं एक तास पुढे केली आणि आमच्यातला फरक साडेतेराचा साडेबारा झाला. बाळाला रात्री दूध पाजायच्या वेळा आणि ह्यांच्या जेवणाच्या वेळा एकदम जुळल्या. रात्री १ ला बाळ उठायचं, सांगलीत दुपारचा दीड, ताटावरून उठून हे फोनवर नातीचं रडणं ऐकायचे.

परतीचं तिकीट १४ मेचं, रात्री ९ चं. पोचणार १६ मेला पहाटे पावणेतीन. कागदावर आगमनापुढे बारीक अक्षरात 'अधिक २' लिहिलेलं होतं, म्हणजे निघाल्याच्या तारखेनंतर दुसऱ्या दिवशी नव्हे, तिसऱ्या तारखेला. पुण्याचा भाचा न्यायला येणार होता. त्याला मी निरोप लिहिला, "१५ तारखेच्या रात्री तीनला ये." माझ्या मनात १५ ची रात्र म्हणजे १५ चा दिवस मावळल्यावरची रात्र. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, आम्ही तसंच बोलत आलो. त्याने घड्याळाप्रमाणे वाचलं. १५ तारीख, रात्रीचे ३.

१४ ला दुपारी अडीच वाजता मी मुलीच्या घरात वजनकाट्यावर बॅग ठेवत होते आणि फोन वाजला. "मावशी, कुठेयस तू? मी बाहेर उभाय, तुझं विमान बोर्डावर दिसतच नाहीये." मी त्या वेळी अजून बॅगेची चेनही लावली नव्हती. तो पुण्याहून रात्रभर गाडी चालवून आला होता. चूक माझी होती, आणि भूगोलाच्या बाईने ती करावी याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून सगळ्यांना सांगते, न्यायला येणाऱ्याला निरोप देताना "रात्री" हा शब्द लिहू नका. "१६ तारीख, मंगळवार, पहाटे २:४५, भारतातली वेळ" असं लिहा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. तो मुलगा एक शब्द बोलला नाही. नणंदेकडे जाऊन झोपला आणि दुसऱ्या रात्री परत आला.

येताना वारा समोरून लागतो, म्हणून वाट वेगळी. या वेळी विमान माझ्या दोऱ्याच्या जवळपास चाललं. कॅनडाची किनार धरून उत्तरेला, मग आर्क्टिक. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या बरोबरच्या सगळ्या स्त्री वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला ध्रुवावरून विमान नेलं, ते आम्ही घरात बसून बातम्यांत पाहिलं होतं. त्या ९ ला रात्री निघाल्या आणि ११ ला पहाटे उतरल्या. तोच 'अधिक २'.

निघताना सूर्य मावळून पाऊण तास झाला होता. चार-पाच तासांनी पाय मोकळे करायला मी मागच्या दाराशी गेले. त्या दाराला छोटी खिडकी असते, ताटलीएवढी. काठावर बर्फाची बारीक फुलं जमली होती, आणि त्यांच्यापलीकडे सूर्य. नुकताच वर आलेला, लाल, आणि उत्तरेकडून. आपण पूर्व सोडून कुठेही सूर्य उगवलेला पाहत नाही. मेच्या मध्यावर सत्तर अंशांच्या वर तो चोवीस तास मावळतच नाही. आम्हीच त्याला बुडवून निघालो होतो आणि आम्हीच त्याच्यापाशी परत आलो होतो. खाली फुटलेला बर्फ, मध्ये काळ्या पाण्याच्या भेगा. पाणी द्यायला उभी असलेली मुलगी म्हणाली, "आँटी, ठंड लगेगी यहाँ, दरवाजे के पास." मी अर्धा तास हलले नाही.

मी परतल्यावर तीनच आठवड्यांनी, ६ जून २०२३ ला, दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे रशियात मगदानला उतरवावं लागलं. कितीतरी जणांनी मला विचारलं, अमेरिकेला जाणारं विमान रशियात कसं? मी कपाटावरून गोल काढला आणि दोरा ताणून दाखवला. मगदान त्याच बाजूला आहे.

आता २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आहे. अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश २०२२ पासून बंद आहे. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातले साडेतेरा हजार किलोमीटर तसेच आहेत, पण २०२३ मध्ये मला लागलेले तास आज कुणाला लागतीलच असं नाही. त्यामुळे ओळखीच्यांचे जुने आकडे धरून चालू नका. ज्या दिवशी जाणार त्या दिवसाचं तिकीट बघा, मध्ये थांबा आहे का बघा.

माझ्या त्या परतीच्या विमानात मध्य आशियावर पुन्हा अंधार झाला. अरबी समुद्रावरून मुंबईचे दिवे दिसले तेव्हा पडद्यावर १७ तास १० मिनिटं होती. भाचा या वेळीही आधीच येऊन उभा होता. पुण्यात चहा, कराडला नाश्ता, आणि साडेबाराला सांगलीत घराच्या दारात. दारापासून दारापर्यंत ३१ तास. वही काढून तो आकडा लिहीत होते तोवर फोन आला. तिथे रात्रीचे बरोबर १२. बाळ दुधाला उठलं होतं, आणि मुलगी विचारत होती, "आई, पोचलीस?"